धाकट्याची दोन दिवसांची कार्यशाळा

आमचा धाकटा पोटापाण्यासाठी काय करतो, हे मला अजून धड सांगता येत नाही. कुणी विचारलं की मी म्हणते, "लोकांना एका खोलीत कोंडतो आणि बोलायला लावतो." त्याला ते आवडत नाही. "ताई, मी धंद्याच्या धोरणाच्या कार्यशाळा घेतो," असं तो मला शंभरदा सांगून चुकलाय. घे बाबा. पण गोष्ट तीच ना? एखाद्या कंपनीला पुढची तीन वर्षं काय करायचं ते सुचत नसतं. मालक एकीकडे ओढतो, विक्रीवाले दुसरीकडे, आणि कारखान्यातली माणसं 'आम्हाला कोण विचारतंय' म्हणून तोंडाला कुलूप लावून बसलेली. मग हा जातो. दोन दिवस सगळ्यांना समोरासमोर बसवतो. उठताना त्यांच्या हातात एक कागद असतो. काय करायचं, काय सोडायचं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि हा पिशवी उचलून घरी.

घरी म्हणजे दोन खोल्या, तिसरा मजला, एकटा जीव. वय वर्षं एकावन्न. लग्न जमलं नाही. तीन ठिकाणी बघितलं, दोन ठिकाणाहून नकार आला आणि तिसरी मुलगी म्हणाली, "हे नुसते प्रश्नच विचारतात." तिचं काय चुकलं? मी स्वतः त्याच्याकडे गेले आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं, तर हा म्हणणार, "तुला काय करावंसं वाटतंय?" डोक्यात तिडीक जाते माझ्या. पण त्याच्या कामाचा पहिला धडाच तो. जो कार्यशाळा घेतो त्याने स्वतःचं मत बाहेर काढायचं नाही. मत काढलं की लोक विचार करायचं सोडतात आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागतात. बावीस वर्षं हे केल्यावर माणसाची मतं आतल्या आत कुठे जातात कोण जाणे.

आता आमच्या घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचा बिजागऱ्या आणि कड्याकोयंडे बनवायचा कारखाना आहे. बाबांनी काढलेला. बाबा गेले तेव्हा दादा सव्वीस वर्षांचा होता, मी बावीसची आणि धाकटा अठराचा. शाळा सुटली की धाकटा कारखान्यातच असायचा. प्रेस मशीनचा आवाज ऐकून कुठला साचा झिजलाय ते सांगायचा. बाबांचे दिवस झाल्यावर दादा त्याला म्हणाला, "मशीनवर एक माणूस अडकला तेवढा पुरे. तू शीक." दादाने हे किती जीव तोडून म्हटलं होतं ते मला माहीत आहे. स्वतःचं शिक्षण सोडून तो त्या धुरात उभा राहिला होता. धाकट्याने मात्र ऐकलं ते एवढंच, की तू इथे नकोस. तो शिकला, नोकरीला लागला, आणि कधीतरी हिश्श्याचे कागद पुढे आले तेव्हा "मला कशाला हवाय?" म्हणत सही करून मोकळा झाला. दादाला वाटलं, याला नकोच आहे. दोघंही एकमेकांशी गोड बोलतात हो. भांडण कधीच नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

तर गेल्या वर्षी कारखान्याची गाडी अडली. बाहेरून स्वस्त माल यायला लागला, दुकानदार तोंड फिरवायला लागले. दादाचे चिरंजीव म्हणायला लागले, की साध्या बिजागऱ्या बंद करा, कपाटांना लागतात त्या हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या करा. दादा म्हणे, माझ्या हयातीत नाही. जेवणाच्या टेबलावर बापलेक एकमेकांशी वहिनीमार्फत बोलायचे. शेवटी चिरंजीवांना कुणीतरी सांगितलं, अमुक एक जण आहे, उत्तम कार्यशाळा घेतो. नाव ऐकून ते हसत सुटले. काका!

चिरंजीवांचा फोन गेला आणि धाकट्याने तासाभरात मला फोन केला. "ताई, दादाने मला बोलावलंय." बोलावलं होतं चिरंजीवांनी. पण मी दुरुस्त केलं नाही.

पुढचे दोन महिने त्याने जी तयारी केली ती मी जवळून बघितली. त्याचं म्हणणं असतं, कार्यशाळा दोन दिवसांची दिसते पण ती आधीच झालेली असते. खोलीत येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो आधी एकेकट्याला भेटतो आणि खोलीत जे बोलणार नाहीस ते आत्ता सांग म्हणतो. आमच्याकडे बाराजण ठरले. बाराच्या वर गेले की ती सभा होते, म्हणतो. मी भागीदार, म्हणून मीही त्यात. माझ्यासमोरही वही घेऊन बसला, शहाणा. मी म्हटलं, "माझं म्हणणं एवढंच, की तू परत ये." त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, त्या दोन दिवसांत तू माझी बहीण नाहीस हं. माझं नाव तू काढायचं नाहीस. आलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यायला हवं." मला कबूल करायला लावलं.

आणि मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या गावात डॉक्टर चांगला म्हणून आठवडाभर त्याच्याकडे राहिले. एका डोळ्यावर पट्टी, आतल्या खोलीत पडलेली. एक दिवस दुपारी बाहेरून आवाज यायला लागले. मला वाटलं कुणी आलंय. उठून दारातून एका डोळ्याने बघते तर काय, याने घरातल्या झाडून सगळ्या खुर्च्या, स्टूल, एक उलटी बादली आणि माझी बॅगसुद्धा नालाच्या आकारात मांडलेली. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. फोरमन, खरेदीवाल्या बाई, विक्रीवाले, चिरंजीव, ताई. ताई म्हणजे ती बादली! भिंतीवर मोठा खाकी कागद. हा मध्ये उभा राहून प्रश्न विचारायचा, मग टुणकन त्या त्या खुर्चीत बसून त्या माणसाच्या आवाजात उत्तर द्यायचा. फोरमनसारखा खाकरला, चिरंजीवांसारखे हातवारे केले. मला हसू आवरेना. तोंडात पदर धरला.

मग तो दादाच्या खुर्चीत बसला. दादाच्या चिठ्ठीची खुर्ची सगळ्यांत शेवटी होती, कारण मालकाने शेवटी बोलायचं असा त्याचा दंडक. दादासारखे हात गुडघ्यावर ठेवले, घसा साफ केला आणि दादाच्या जाड आवाजात म्हणाला, "धाकट्या, हे सगळं आता तूच बघ. मी थकलो." आणि तसाच बसून राहिला. उठून उत्तर द्यायला आपल्या जागी गेलाच नाही. मला दिसत होतं, त्याचे ओठ हलत होते, पण शब्द नव्हता.

मी मागच्या पावली येऊन पलंगावर पडले. डॉक्टरने रडू नका सांगितलं होतं. कसलं काय.

म्हणजे मला आता कळून चुकलं होतं. त्याला धोरण, बिजागऱ्या, तीन वर्षं, कशाकशाचं काही नव्हतं. तेहेतीस वर्षांनी त्या दारातून त्याला आत घ्यावं आणि ते दादाने म्हणावं, एवढ्याचसाठी ही सगळी मांडामांड होती.

तो दिवस उजाडला. कारखान्यातच वरच्या मजल्यावर, पॅकिंगचे खोके हलवून जागा केली होती. धाकटा आदल्या दिवशीच येऊन खुर्च्या मांडून गेला होता. खिडकीकडे तोंड असलेल्या जागा त्याने मुद्दाम बापलेकांना दिल्या नाहीत. बाहेर बघत बसतात म्हणे. सगळ्यांचे मोबाईल एका खोक्यात गेले. मग त्याने भिंतीवर पहिला कागद लावला आणि त्याच्या त्या सरळसोट अक्षरात नियम लिहिले. एका वेळी एकाने बोलायचं. मालकाने शेवटी बोलायचं. ठरलेल्या प्रत्येक कामापुढे या खोलीतल्या माणसाचं नाव, किंवा नेमायच्या माणसाचा हुद्दा. आणि शेवटचा नियम, 'कार्यशाळा घेणारा मत देणार नाही आणि कुठलंही काम स्वतःकडे घेणार नाही.'

मी ते वाचलं. खरं सांगते, मलाही काही वाटलं नाही. हा त्याचा नेहमीचा कागद. सगळीकडे हेच चार नियम लिहितो. हात आपोआप चालतो त्याचा, सही करावी तसा.

कार्यशाळा मात्र अशी झाली की वाहवा! आमच्या कारखान्यात एकशे चाळीस प्रकारचा माल बनतो हे मलाही माहीत नव्हतं. धाकट्याने सगळ्या बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, झाडून सगळा माल एका लांब टेबलावर मांडून ठेवला होता. म्हणाला, "जे उद्यापासून बनवलं नाही तरी एकही गिऱ्हाईक विचारायला येणार नाही, ते उचलून जमिनीवर ठेवा." आधी कुणी हात लावेना. मग खरेदीवाल्या बाई उठल्या आणि त्यांनी एक पितळी कडी उचलून खाली ठेवली. मग विक्रीवाले. मग सगळेच. दादाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पण तासाभराने तो स्वतः उठला, बाबांनी पहिल्यांदा काढलेली ती जाड बिजागरी उचलली, हातात फिरवली आणि गुपचूप खाली ठेवली. धाकट्याने लगेच चहा सांगितला. कधी थांबायचं ते त्याला बरोबर कळतं.

फोरमनने तर कमाल केली. तीस वर्षांत तोंड न उघडलेला माणूस. धाकट्याने त्याला सगळ्यांत आधी बोलायला लावलं होतं. तो म्हणाला, "हळू मिटणारी बिजागरी आपल्या दोन नंबरच्या प्रेसवर होते. मी करून बघितलीय. दुपारच्या सुट्टीत." आणि खिशातून काढून दाखवली! चिरंजीव खुर्चीतून उडालेच. "अहो मग सांगितलं का नाहीत?" तो म्हणाला, "विचारलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे चार वाजले तेव्हा सगळं जुळून आलं होतं. चाळीस प्रकार ठेवायचे, शंभर सोडायचे, दोन नंबरचा प्रेस नव्या कामाला लावायचा. बापलेक एकमेकांशी थेट बोलत होते, वहिनीशिवाय. कामांचा मोठा कागद भरत आला होता. प्रत्येक कामापुढे नाव, तारीख. शेवटची ओळ राहिली. 'या सगळ्यावर रोज लक्ष ठेवणार कोण?' चिरंजीव विक्री बघणार होते, दादाने आधीच सांगितलं होतं की धावपळ त्याला झेपणार नाही.

धाकटा पेन घेऊन कागदापाशी उभा. पाठ आमच्याकडे. मी दादाकडे बघत होते. दादा पहिल्या कागदाकडे बघत होता. बोल ना रे, बोल, असं माझ्या मनात चाललं होतं. पण मालकाने शेवटी बोलायचं! तोही नियमच.

माझ्याच्याने राहवेना. कबुली गेली चुलीत. मी थट्टेचा सूर लावून म्हटलं, "अरे, हा उभा आहे ना पेन घेऊन, हाच घेईल की!"

सगळे हसले. फोरमन बिचारा भाबडेपणाने भिंतीकडे बोट करून म्हणाला, "ताई, नियम आहे ना. साहेब काम घेणार नाहीत." धाकटा वळला. त्याने एकदा दादाकडे बघितलं. दादा मान खाली घालून नखं बघत होता. आणि धाकटा म्हणाला, "बरोबर आहे फोरमनचं."

बरोबर आहे म्हणे! मेल्या, एकदा तरी चूक आहे म्हणायचं होतंस.

मग चिरंजीव म्हणाले, बाहेरून एक चांगला व्यवस्थापक घेऊ. दादाने हूं केलं. धाकट्याने लिहिलं, 'व्यवस्थापक, नेमायचा', आणि पुढे तारीख घातली. अक्षर तसंच सरळ. मग त्याने सगळे कागद गुंडाळले, सुतळीने बांधले, चिरंजीवांच्या हातात दिले. पायऱ्या उतरताना दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धाकट्या, तू बाहेरचा होतास म्हणून जमलं हे. घरच्या कुणाला जमलं नसतं." कौतुकाने म्हणाला हो. धाकट्यानेही मान डोलावली आणि गाडीत बसला.

तीन महिन्यांनी व्यवस्थापक आला. चांगला माणूस आहे. बायकोने नोकरी सोडली, मुलांच्या शाळा बदलल्या, बिऱ्हाड हलवून आला. तो रुजू झाला त्या आठवड्यात मी सहीसाठी कारखान्यात गेले होते. दादा एकटाच होता. व्यवस्थापकाला कुठे बसवलंय म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "बाबांच्या खोलीत. ती मी कधीच रिकामी करून घेतली होती. रंगही दिला होता."

"कधी?"

"कार्यशाळेच्या आधी. धाकट्यासाठी." दादा सहीचे कागद उगाच सारखे करत होता. "मी ठरवलं होतं, शेवटी त्यालाच म्हणायचं. पण त्याने पहिल्या दिवशी सकाळीच भिंतीवर लिहून टाकलं, कुठलंही काम घेणार नाही. मी काय समजायचं ते समजलो. सगळ्यांदेखत नाही म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून त्याने आधीच सांगून टाकलं. हुशार आहे तो."

सही कुठे करायची तेही मला दिसेना.

घरी आले आणि चप्पल न काढताच धाकट्याला फोन लावला. तो कुठल्याशा हॉटेलच्या हॉलमध्ये होता, मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज. मी सगळं सांगितलं. खोली, रंग, कागद, सगळं. फोन कट झाला की काय असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे मी," तो म्हणाला. मग हळूच, "ताई, मला यायचं होतं गं. खूप यायचं होतं."

पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडून 'मला हे हवं होतं' असं मी बहुतेक पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, "मग झालं तर! मी आत्ता जाते दादाकडे. अजून काही बिघडलेलं नाही."

"नाही." इतकं कडक तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. "दादाला कळलं तर तो त्या माणसाला उद्या काढेल. माहितीये ना तुला तो? त्याने घरदार हलवलंय. आणि काढलं नाही तर स्वतःला खात बसेल. साठीला आलाय तो. दादाला काही सांगायचं नाही. शप्पथ घे."

"आणि तुझं काय रे?" मी ओरडले. खरंच ओरडले, शेजारीण खिडकीत आली.

"माझे लोक यायला लागलेत," तो म्हणाला. "ठेवतो."

बघा म्हणजे. सगळ्यांची बाजू बघितली. त्या परक्या माणसाची, दादाची. मला त्याचा इतका राग आला, की आठवडाभर मी त्याला फोन केला नाही. मग केला. त्या दोन खोल्यांत दुसरं कोण फोन करणार त्याला?

गेल्या रविवारी दादाकडे जेवायला गेले होते. कारखाना छान चाललाय. हळू मिटणाऱ्या बिजागऱ्यांना मागणी आहे, फोरमनचा पगार वाढवलाय, बापलेक टेबलावर हसतखेळत जेवतात. जेवण झाल्यावर वहिनी आणि चिरंजीव आत गेले, आणि आम्ही दोघंच बसलो होतो. दादा मधेच म्हणाला, "अगं, तुझ्याशी बोलतो तो. तू कधी विचारलंस का गं त्याला? आपल्यात परत यावंसं वाटलं होतं का कधी?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून माझा हाच भाऊ आयुष्यभर मला चिडवत आलाय.

"विचारलं होतं," मी म्हटलं. "नाही म्हणाला."

"वाटलंच मला," दादा म्हणाला, आणि उठून हात धुवायला गेला.